उभी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बाभूळ आहे. काट्यांमुळे माझ्या वाटेला फारसं कुणी जात नाही आणि माझी सावलीही नावालाच. माझा सगळा मान माझ्या सालीत. तिच्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. बुरशी आणि जंतू आत शिरू नयेत म्हणून मी तो स्वतःसाठी साठवते. माणसांनी तो आपल्यासाठीच आहे असं धरून घेतलं. मीही कधी कुरकुर केली नाही.

शेजारच्या घरात एक मावशी राहायची. कुणाच्या हिरड्या सुजल्या, की ती माझी साल उकळून त्या पाण्याने गुळण्या करायला लावायची. साल काढताना भाचीला जवळ बसवून बजावायची, "उभी पट्टी काढायची, तीही एकाच बाजूची. सुरा गोल फिरवलास तर झाडाचा गळा चिरलास असं समज."

भाची मान डोलवायची; लक्ष मात्र मुंग्यांच्या रांगेकडे. हिरड्या सुजून तिला घास चावेना, तेव्हा याच सालीने तिला आराम पडला. बरी झाल्यावर ती माझ्या खोडाला गाल लावून म्हणाली, "माझी बाभूळ." मी भोळी, ते खरं मानलं.

मावशी गेली. भाचीने दंतमंजनाचा कारखाना काढला. एका सकाळी ती सुतारकाकांना घेऊन आली.

सुतारकाका घुटमळले. "ताई, सगळीकडून काढायची? झाड राहील ना?"

"काढा हो. साल परत येते. लहानपणापासून बघतेय मी."

तिने भरून आलेल्या पट्ट्या पाहिल्या होत्या, पण बाजूची साल शाबूत असायची म्हणूनच त्या भरायच्या. सुरा गोल फिरला. परक्याच्या सांगण्यावरून फिरला असता तर एवढं लागलं नसतं.

परवा ती लेकीला घेऊन आली. लेकीचा गाल सुजला होता. वर बघून भाची म्हणाली, "बघ, किती हिरवीगार आहे. काही झालं नाही तिला."

पानांना अजून खबर नाही, मित्रांनो. मुळं पाणी वर पाठवताहेत, पण पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. ती वाट तुटली आहे. माझी मुळं उपाशी आहेत.

सुरा घेऊन भाचीने माझ्याभोवती फेरी मारली. मग पुन्हा एक. हात पोचेल तिथे सगळं खोड उघडं होतं.

"आई, माझ्यासाठी कुठली साल?" लेकीने विचारलं.

भाचीने सुरा खाली केला. मावशीचे शब्द तिला तेव्हा आठवले असावेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या कुणाकडून काही घ्याल, तर उभी पट्टी घ्या. त्या पोरीला मी आनंदाने दिली असती.