सरळ रेघ

ही गोष्ट शब्द न् शब्द खरी आहे. यात तिळाएवढंही खोटं निघालं तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता गळून पडो. झालं समाधान? आता ऐका.

एक सुतार होता. त्याला सगळे रंध्या म्हणायचे, कारण समोरचा कितीही जाडजूड असो, हा बोलता बोलता त्याची सालपटं काढायचा. बहुतेक माणसांबद्दल त्याचं मत असं, की यांचं धड स्टूलसुद्धा झालं नसतं. माणसात धरायचा तो एकालाच, शेजारच्या गाळ्यातल्या पेंटरला.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नुसत्या हाताने अशी सरळ रेघ ओढायचा, की मुंगी तिच्यावरून चालली तर तिची चाल कायमची सुधारायची. मी स्वतः पाहिलेली मुंगी आहे. दुसरे पेंटर एक लांब काठी पाटीला टेकवून तिच्यावर मनगट ठेवतात, म्हणजे हात हलत नाही. त्यांना हा नाक वर करून ‘काठीवाले’ म्हणायचा. जेवतानाही काठी लागते का रे, असं तोंडावर विचारायचा.

मग त्याच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. थोरल्या बहिणीने, ताईने, आपली एक काढून दिली आणि पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलायचं काम तिच्या नवऱ्याने घेतलं. नुसती सुई बघून खुर्चीवरून घसरलेले हे दाजी गावभर सांगत सुटले, ‘आम्ही किडनी दिली.’ दर दोन दिवसांनी येऊन चौकशी करायचे, आमची किडनी काय म्हणते? रंध्याने एकदा विचारलंच, दाजी, भाड्याने दिलीय का? भिंतीला खिळे ठोकलेले चालतात का?

बाकीचे भेटायला येणारेही तसलेच. एक बाई उंबऱ्यात उभं राहून रडून गेली. एकाने विचारलं, ही साधारण किती वर्षं चालते? पाण्याचा पंप घ्यायला आल्यासारखं.

नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून जन्मभर घ्यायच्या गोळ्या असतात. त्यांनी पेंटरचं तोंड असं सुजलं, की आरशाने आधी ओळखपत्र मागितलं. आणि हात थरथरायला लागला. कपातल्या चहावर लोणी यायचं, इतका. पेंटर भिंतीकडे तोंड करून पांघरूण घेऊन बसला, तो बसलाच.

रंध्या रोज जायचा. अंगावरचा भुसा झटकून, हात साबणाने धुऊन, स्वच्छ सदरा घालून जायचा, आणि तेही शिव्या द्यायला. पोतं तरी बरं, कुणी त्यात काही भरतं तरी, असं सुनवायचा. पेंटर ऐकून घ्यायचा.

एक दिवस पेंटर उठला. दाढी केली, ब्रश धुतले, आणि दाजींच्या गादीच्या दुकानाची पाटी रंगवून मोकळा झाला. पाटी दुकानाच्या दारात उभी केली तेव्हा सगळा रस्ता जमला. दाजी तर पाटीपुढे असे उभे, की अर्धी अक्षरं झाकली गेली. आमच्या किडनीची कमाल बघा, म्हणाले.

रंध्याने लाकूड तपासतात तसा एक डोळा मिटला आणि अक्षरांखालच्या लांब रेघेवरून नजर फिरवली. रेघ सरळ होती. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. आठवड्यापूर्वी या माणसाला शर्टाचं बटण लागत नव्हतं.

तो पेंटरजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “गोळ्या कुठे टाकतोस?”

“कसल्या गोळ्या?”

“मला शेंडी लावू नकोस. गोळ्या घेणाऱ्या हाताची रेघ नाही ही.”

पेंटरने खाली बघितलं. “रंगाच्या रिकाम्या डब्यात.”

ताई मागेच होती. तिने ते ऐकलं. दाजी म्हणाले, पण रेघ तर झकास आलीये. रंध्याने त्यांच्याकडे वाळवी बघावी तसं बघितलं. “बायकोच्या कुशीतून काढलेली वस्तू हा डब्यात घालतोय, दाजी. आणि तुम्ही रेघ बघताय.”

“हात हलतो रे,” पेंटर म्हणाला. “हलत्या हाताच्या पेंटरने जगून करायचं काय?”

“मर मग. पण आधी ताईची ताईला परत दे.”

रंध्याने त्याला बखोटीला धरून थेट हॉस्पिटलात नेलं. तिथे रक्त तपासलं, दाखल करून घेतलं. किडनी रुसायला लागली होती, पण अजून मनवता येण्यासारखी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त बघून गोळीचं प्रमाण बदलता येतं, थरथर कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. हात हलतो हे आधी का नाही सांगितलंत? पेंटर फरशी बघत राहिला. याला पाटीवर लिहिता येतं, बाई, रंध्या म्हणाला, तोंडाने बोलणं कुणी शिकवलं नाही.

पेंटर घरी आला. हात आधीपेक्षा कमी, पण हलतच होता, आणि पांघरूण पुन्हा जवळ ओढलेलं होतं. तेव्हा रंध्या एक लांब काठी घेऊन आला आणि कुत्र्यापुढे हाडूक टाकावं तशी त्याने ती पेंटरपुढे फेकली.

“घे. आजपासून तू काठीवाला.”

पेंटरने काठी हातात घेतली. “यांना हसायचो आपण.”

“तू हसायचास. मी तुला हसायचो.”

पेंटरने गोळी घेतली, वर पाणी प्यायला, आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं. मग काठी फळीला टेकवली, तिच्यावर मनगट ठेवलं आणि रेघ ओढली. मध्ये जराशी डगमगली. रंध्याने एक डोळा मिटून बघितली.

“भिकार,” तो म्हणाला आणि मांडी ठोकून समोर बसला. “पुसून परत काढ.”

आता कवळी सैल झाल्यासारखी वाटतेय, तेव्हा एवढं कबूल करते. काठी फेकली, ते मी पदरचं घातलं. रंध्याने ती काचकागदाने घासून घासून रेशमासारखी केली होती, टोकाला मऊ कापडाचा गोळा बांधला होता, आणि दोन्ही हातांनी पुढे धरली होती. मुंगीचं मात्र खरं आहे.