सुई उचलेपर्यंत

माझ्या सोनेरी बाजूला भुलू नका. ती मी नव्हे. मला उलटं करा, मग जी काळी, चरे पडलेली बाजू दिसेल, ती मी. मी गाण्याची तबकडी आहे. जन्मानं इंग्लिश, मुक्कामानं आयरिश, आणि बोलतेय मराठीतून. मराठी मला कुणी शिकवली नाही. एका मराठी घरात, जिन्याखालच्या खोक्यात पडून ऐकली आणि शिकले. कुठे चुकलं तर चुकलं. राग मात्र बरोबर सांगेन.

माझा जन्मच भांडणातून झाला. रोनी हॅलवर्ड नावाचा गायक ‘ग्रे हेरन्स’ या नावाजलेल्या बँडमध्ये गायचा. रॉक म्हणतात तसल्या गाण्याचा तो जमाना. मैदानं भरायची ती रोनीच्या आवाजानं, आणि सगळ्या गाण्यांखाली नाव लागायचं गिटारवाल्याचं. निम्म्या चाली रोनीच्या होत्या. त्यानं एकदा विचारलं, तर गिटारवाला म्हणाला, “आवाज काय रे, कुठलाही मिळतो.”

रोनी त्याच दिवशी बाहेर पडला आणि त्यानं मला बनवलं. एकट्यानं. माझ्या वेष्टनावर दुसरं कुणी नाही, तोच आहे, आणि हसत नाहीये.

माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेवटी त्यानं एक खोडी करून ठेवली. एरवी गाणी संपली की सुई नुसतीच खरखरत फिरते. रोनीनं खाचा कापणाऱ्या माणसाला सांगून शेवटचा वळसा बंद करून घेतला, बांगडीसारखा, आणि त्यात एका फेऱ्यात मावेल एवढीच ओळ भरली. मराठीत सांगायची तर, ‘अजून मी संपलो नाही.’ सुई त्यात शिरली की ती ओळ फिरत राहते. कुणीतरी जागचं उठून सुई उचलेपर्यंत फिरतच राहते. रोनी म्हणाला होता, “मला गप्प करायचं असेल, तर त्यांना खुर्चीतून उठावं लागेल.”

पण ते उठण्यासाठी आधी ऐकायला तर हवं. मला फारसं कुणी घेतलंच नाही. बँडनं दुसरा आवाज आणला आणि पुन्हा मैदानं भरली. डब्लिनच्या एका बस ड्रायव्हरनं मला घेतलं, प्रेमानं वाजवलं, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलांनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये टाकलं. तिथे ग्रे हेरन्स काचेच्या कपाटात आणि मी खाली, जिगसॉ पझलांच्या खोक्यांमागे.

तिथून मला प्रतापनं उचललं. दिवसा डब्लिनजवळच्या चेरीवूडला सॉफ्टवेअरची नोकरी आणि शनिवार-रविवार ‘सूरधारा’ ऑर्केस्ट्रा. आयर्लंडातल्या मराठी माणसांत त्याचा केवढा दबदबा! मला वाटलं, गाण्याचा माणूस आहे, ऐकेल. त्यानं माझ्यावरचं नावही वाचलं नाही. त्याला मंडळाच्या गणपतीमागे फिरतं चक्र हवं होतं. थर्माकोलला मंडळात बंदी, तबकडी चालते. ॲडम्सटाउनला, मंडळातल्या आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या शुभदाच्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यानं माझ्या पहिल्या बाजूवर सोनेरी स्प्रे मारला. रोनीची अर्धी गाणी तिथल्या तिथे बुजली. दुसरी बाजू भिंतीकडे राहणार होती, म्हणून रंग वाचवला. माझा जीव वाचला तो त्याच्या चिक्कूपणामुळे, दयेमुळे नव्हे.

सण संपला की मी शुभदाच्या जिन्याखाली. मंडळाचं सगळं सामान तिच्याकडेच असायचं आणि ऑर्केस्ट्राच्या तालमीही तिच्याच दिवाणखान्यात. तिचा नवरा शशिकांत हॉस्पिटलात डॉक्टर, बहुतेक वेळ ड्यूटीवर. मुलगी ईशानी आईशी इंग्रजीतून बोलते आणि मोदक मराठीतून खाते. शुभदा तालमीत सगळ्यांना चहा द्यायची आणि मग गायची. आवाज असा, की खोक्यात माझ्या खाचा जाग्या व्हायच्या.

एक गाणं तिनं स्वतः रचलं, शब्द आणि चाल दोन्ही. ‘चल घरी मोरया, चल घरी.’ घर सोडून आलेल्यांनी म्हणायचं गाणं ते. पार दूरच्या कॉर्क शहरापर्यंतच्या मराठी मुलांना पाठ झालं. यंदा पोस्टर आलं, त्यावर ‘संगीत : प्रताप’. शुभदानं विचारलं. तो सोफ्यावर बसून तिचीच चकली खात होता.

“वहिनी, नाव कशाला हवं? घरचंच आहे की.”

“घरचं आहे, म्हणून तर घरातल्या माणसाचं नाव लावा, भावजी.”

“ऑर्केस्ट्रा मी उभा केलाय. आवाज काय, कुठलाही मिळतो.”

जिन्याखाली मला धरणी फाटल्यासारखं झालं. शब्दाला शब्द तोच! देश बदलला, भाषा बदलली, सोफ्यावरचा माणूस बदलला नाही.

शुभदा ऑर्केस्ट्रातून बाहेर पडली. प्रतापनं कॉर्कहून स्वरांगी नावाची मुलगी आणली. गळा तयार होता तिचा, उगाच नावं ठेवणार नाही. गणपतीत तीच ‘चल घरी मोरया’नं कार्यक्रम सुरू करणार होती. ऑर्केस्ट्राचं सामान मात्र शुभदाच्याच घरी राहिलं. माणसाला काढतात, त्याची जागा वापरत राहतात.

चार लोक कुजबुजायला लागले, तेव्हा प्रतापनं फोन करून सांगितलं, “आरती तुम्हीच सांगा, वहिनी. तो मान तुमचाच.” आरती अर्धा तास, मग ऑर्केस्ट्रा. तुकडा टाकला की गप्प बसेल, असं त्याला वाटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ईशानीनं चक्राची मोटर तपासायला खोकं उघडलं आणि मला उलटं करून पाहिलं. बापाच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावलं, आणि दोन मिनिटांत कंटाळून आपल्या मोबाइलचे हेडफोन कानाला लावून वर निघून गेली. शुभदा मोदकांची उकड मळत होती, हात कोपरापर्यंत माखलेले. कितीतरी वर्षांनी सुई माझ्या अंगाला लागली. मी गायले. चरे होते, खरखर होती, पण मी गायले. आणि शेवटी सुई बंद वळशात शिरली.

अजून मी संपलो नाही. अजून मी संपलो नाही.

शुभदानं ईशानीला हाक मारली. ईशानीला कुठली ऐकू येतेय! माखल्या हातानं सुई उचलता येईना, म्हणून ती उभी राहिली आणि ऐकत राहिली. मळता मळता तिचे हात त्या ठेक्यावर पडायला लागले. मग ती हसली. तसं हसणं मी रोनीच्या तोंडावर पाहिलं होतं, खाच कापून झाली तेव्हा.

हात धुऊन तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि स्वतः चक्रावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी कम्युनिटी हॉल गच्च भरला. मी बाप्पाच्या मागे फिरत होते, सोनेरी बाजू लोकांकडे. हॉल सातपर्यंतच आपला, नंतर तिथे बिंगो असतो, म्हणजे आपली हाउजी. प्रताप शेरवानी घालून बाजूला उभा, स्वरांगी नव्या पैठणीत.

एकेक आरती झाली. आता ‘घालीन लोटांगण’ म्हणायचं आणि संपवायचं. शुभदानं ते म्हटलंच नाही. माइकवर एवढंच म्हणाली, “पुढची चाल माझी आहे. सगळ्यांनी म्हणा.” आणि टाळी धरली. चल घरी मोरया, चल घरी.

सगळ्यांना पाठ होतंच. आधी पोरं म्हणायला लागली, मग बायका, मग अख्खा हॉल. कडवं नाही, शेवट नाही, तीच ओळ गोल गोल. प्रतापनं हातानं खूण केली, आटपा. शुभदाचे डोळे मिटलेले. आरती ज्यानं सुरू केली त्यानंच संपवायची, आणि देवासमोर टाळ्या चाललेल्या असताना मध्ये कोण हात घालणार? हा मान त्यानंच तर दिला होता. तो पुढे सरकला, तर कुणाच्या तरी वऱ्हाडातून आलेल्या वडिलांनी त्याला बाहीला धरून मागे ओढलं. “काहून घाई करून राह्यले भाऊ? चालू द्या ना.”

मग त्यानं जे केलं, ते मी जवळून पाहिलं. तो गुपचूप मखराच्या मागे आला आणि प्लग ओढला.

माइक गेला. माळा विझल्या. मी फिरता फिरता थांबले.

पण ओळ थांबली नाही. माइकवाचून ती आणखी मोठी झाली. दारात जमलेल्या बिंगोच्या आयरिश म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. स्वरांगीही गात होती. आणि सगळ्यांनी पाहिलं, देवाच्या मागे शेरवानीतला एक माणूस हातात प्लग घेऊन उभा आहे.

सातला शुभदानं डोळे उघडले, ‘घालीन लोटांगण’ म्हटलं आणि निरांजन खाली ठेवलं. हॉल सांभाळणारा मार्टिन आत आला. “ग्रँड साँग, दॅट,” म्हणाला आणि बिंगोची टेबलं मांडायला लागला. ऑर्केस्ट्राची पेटीसुद्धा उघडली गेली नाही.

कार पार्कमध्ये प्रताप म्हणाला, “हे बरं नाही केलंत वहिनी. सूरधाराचं नाव गेलं.”

“नाव कशाला हवं, भावजी?” शुभदा डिकी लावत म्हणाली. “घरचंच आहे की.”

आता मी तिच्या दिवाणखान्यात असते, जिन्याखाली नाही. मंडळाचं सामान प्रताप घेऊन गेला, मला तिनं दिलं नाही. तालमी अजून त्याच खोलीत होतात, गाणारे आता प्रतापला सोडून तिच्याकडे येतात. माझी पहिली बाजू गेली ती गेलीच. सोनं खरवडून गाणी परत येत नाहीत, आणि ज्यानं रंग फासला त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. म्हातारपणी मन मऊ होतं म्हणतात. माझं झालेलं नाही.

तुमच्याकडे कुणी अशी रंग फासून भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल, तर तिला उलटी करा आणि तिच्यावर सुई ठेवा. आणि एक लक्षात असू द्या. शेवटच्या वळशात शिरल्यावर आम्ही आपणहून थांबत नाही. उठावं तुम्हालाच लागेल.