निरोपाचं ‘या’

टेलरताईंना दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःच्याच जिभेचा राग आला होता. सगळं बरोबर बोलून शेवटी तिनंच घात केला.

झालं असं, की सकाळी दारात एक साहेब आणि हवालदार उभे राहिले. आधीचा भाडेकरू म्हणे चोरीच्या सामानाच्या भानगडीत सापडला होता, म्हणून खोली बघायची होती. मागे घरमालक काका किल्ल्या खुळखुळवत उभे. “घर माझंय, मी सांगतो ना, बघा खुशाल,” असं वर तोंड करून म्हणाले.

ताईंची नणंद कोर्टात कारकून. तिनं केव्हाचं पढवून ठेवलं होतं, “वहिनी, घर मालकाचं असलं तरी राहतेस तू. तू हो म्हणेपर्यंत, नाहीतर कोर्टाचा हुकूम दाखवेपर्यंत कुणाला आत घेऊ नकोस. मालकाच्या हो म्हणण्याला काही अर्थ नाही.”

ताईंनी उंबरा अडवून तेच सांगितलं. काकांचं तोंड एवढंसं झालं. साहेब चरफडले, पण वळले. आणि आता बाईंची खोड बघा! दारातून निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायचं नाही, हे आईनं लहानपणीच अंगात भिनवलेलं. त्या बोलून गेल्या, “बरं, या मग.”

साहेब जागच्या जागी फिरले आणि सरळ आत घुसले. ताई “अहो, अहो” करत राहिल्या. कापून ठेवलेले कपडे पायदळी गेले, कपाट रिकामं झालं. सामान काही सापडलं नाही, तेव्हा “हे आधीच्याचंच असेल,” म्हणून शिलाई मशीन उचललं. त्याच मशीनवर ताईंचं आणि दोन लेकींचं पोट होतं.

दुपारी ताई चौकीत गेल्या. मशीन कोपऱ्यातच होतं आणि त्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवले होते. ते बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“परवानगी तुम्हीच दिलीत,” साहेब म्हणाले. “‘या’ म्हणालात की नाही?”

“अहो, ते निरोपाचं ‘या’ होतं. निघालेल्या माणसाला सगळेच म्हणतात.”

“आम्ही ऐकलं ते ‘या’. निरोपाचं वेगळं नि स्वागताचं वेगळं, असं आमच्याकडे नसतं.”

“मग मशीन तरी द्या. माझं काम अडलंय.”

“बघू. चौकशी होऊ दे.”

“कधी होणार?”

“बघू म्हटलं ना.”

दगडावर डोकं आपटून घेण्यातला प्रकार. ताईंना रडू फुटायला आलं, पण या माणसापुढे रडायचं नव्हतं. पिशवी उचलून त्या दाराशी गेल्या.

साहेबांनी मान वर न करताच म्हटलं, “बरं, या मग.”

ताई थबकल्या. माघारी फिरल्या, कोपऱ्यातले कप एकेक करून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवले आणि समोरची खुर्ची मशीनपाशी ओढून ऐसपैस बसल्या.

“आता काय?” साहेब वैतागले.

“तुम्हीच म्हणालात, या,” ताई म्हणाल्या. “आले.”

हवालदारानं हसू लपवायला तोंड फिरवलं. ताईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि मशीनवर हात ठेवून बसून राहिल्या.