जोड सुटला नाही

माझं डोकं लवकर फिरतं, हे सगळ्या घराला पाठ आहे. धाकटी बहीण सुजलेला गाल घेऊन माझ्या खोलीवर राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याने माझ्या दाराला लाथ घातली, तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एका लाथेत आतल्या कडीचा कोयंडा स्क्रूंसकट चौकटीतून उखडला. जिन्यात माणसं जमली म्हणून तो निघाला. "उद्या येतो. बायको माझी आहे," असं शांतपणे सांगून गेला. औषधं विकणारा माणूस, बोलणं कायम गोड.

सुतार म्हणाला, परवा येतो. म्हटलं, मेल्या, तुझ्यावाचून अडलंय कुणाचं!

पीएचडीच्या नावाखाली इतकी वर्षं मी दुसरं करते तरी काय? इपॉक्सी, म्हणजे एक जातीचा डिंक. दोन बाटल्यांतली चिकट रसायनं. एकत्र केली की दगड होतो. पण दगडासारखाच तडकतो, आणि एकदा तडा गेला की थांबत नाही. म्हणून मी त्यात सिलिकाची भुकटी मिसळते. इतकी बारीक, की तिचा कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तडा त्या कणांना अडखळतो, वळणं घेतो, दमतो. भुकटी घालायची भाजीत मीठ घालतो तशी, बेताने. जास्त झाली की तिचे गोळे होतात आणि मुसळ केरात. असे तुकडे बनवायचे आणि यंत्रात ओढून तोडायचे, हा माझा दिवस. आमचे सर म्हणतात, "तुझ्यासारख्या भांडकुदळ पोरीला याहून बरा विषय मिळाला नसता."

तर मी प्रयोगशाळेतून माझं मिश्रण आणलं. चौकट घासली, कोयंड्याची लोखंडी पट्टी घासली, दोन्ही ॲसिटोनने पुसून चिकटवली आणि केस वाळवायच्या यंत्राने हात भरून येईपर्यंत शेकली. सकाळी पट्टीवर हातोडा घालून पाहिला. ढिम्म हलली नाही. मी अशी खूश झाले, की धाकटीला दोनदा दाखवली.

दुपारी तो आला.

"दार उघड," तो बाहेरून म्हणाला. मग तिला एक शिवी, मला दोन. मग लाथ.

पट्टी जागची हलली नाही.

"ताई, पोलिसांना फोन कर," धाकटी म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"थांब गं." मी पट्टीजवळ डोळा नेला होता. कडेला केसभरही फट नव्हती.

दुसरी लाथ. तिसरी. खिडकीची काच थरथरली, फळीवरचा डबा खाली आला.

"ताई, फोन!"

"अगं थांब, बघ तरी! काही होत नाहीये याला." आणि मी मूर्ख, बाहेर ऐकू जाईल अशी हसले. "मार की! जेवून आला नाहीस का?"

मग तो खांदा लावून धावत आला असावा. मोठा कडाका झाला. जोड सुटला नाही, चौकटच फुटली. जुनं, आतून भुसभुशीत लाकूड. वीतभर ढलपी घेऊन पट्टी माझ्या पायाशी पडली, लाकडाला घट्ट धरून. आमच्या प्रयोगशाळेत जोड न सुटता लाकूडच असं फाटलं तर शाबासकी मिळते. डिंकाच्या नादात मी चौकटीकडे पाहिलंच नव्हतं.

त्याने मला कोपराने उडवलं आणि धाकटीचे केस धरले. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तो आवाज माझ्या कानांतून जात नाही. मी ती पट्टी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं मला हाताला कळलं. तो किंचाळला, तिला सोडून खाली बसला. मी पुन्हा हाणली, खांद्यावर, पाठीवर, मिळेल तिथे. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका धावत वर आले आणि त्यांनी मला मागून आवळून धरलं, तेव्हा कुठे माझा हात थांबला.

तो जमिनीवर कण्हत होता. शिंपीकाका त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले.

धाकटी उठली. भुवईतून रक्त ओघळत होतं. तिने ओढणी कपाळाला बांधली, पायांत चपला सरकवल्या.

"पोलीस चौकीत चाललेय," ती म्हणाली.

"थांब, मी येते. एकेक गोष्ट सांगते बघ त्यांना. याला सोडत नाही मी!"

"तू नको येऊस."

"अगं, डोक्यातून रक्त येतंय तुझ्या!"

"येऊ दे. तू आलीस तर तूच बोलशील, ताई." ती ओरडली नाही. "घरी तो मला बोलू देत नव्हता. इथे मी किती वेळा फोन कर म्हटलं?"

मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

ती उंबऱ्यातल्या ढलप्या ओलांडून कठड्याला धरत एकटीच जिना उतरली. मला तिच्या मागे धावायचं होतं. मी कठडा धरून वरच उभी राहिले.