पहिल्या थव्याला पाठ

त्या वसंतात आमच्या समुद्राला लाळ सुटली, पाण्यावर पांढरा चिकट थर. सरकारी माणसं तिचं काहीतरी लांबलचक नाव घ्यायची, टीव्हीवाले 'समुद्राची लाळ' म्हणायचे. आमच्या सफ्फेतदादांनी पहिल्याच दिवशी ती वल्ह्यावर उचलून पाहिली नि म्हणाले, "कसली लाळ? शेंबूड आहे हा. सर्दी इस्तंबूलला, आणि नाक गळतंय आमच्या दारात." तेव्हा आम्ही हसलो होतो. वाटलं, वारा फिरला की जाईल.

ती गेली नाही. आमच्या मार्मारा समुद्राचं पाणी जाणार कुठे? वरच्या टोकाला एक अरुंद गळा, खालच्या टोकाला दुसरा, मध्ये परातीएवढं आमचं पाणी, आणि चहूबाजूंनी शहरं, कारखाने नि त्यांची गटारं. घरातली मोरी तुंबली तर बाई दुसऱ्या दिवशी घर डोक्यावर घेते. इथे सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं मोरी तुंबवली, आणि पाणी तापून घाण वर आल्यावर नाकाला रुमाल लावून विचारतात, हे कुठून आलं. मला त्या वर्षी ज्याचा त्याचा राग यायचा. अजून येतो.

आमचं पोट दाल्यानवर. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्रात उंच खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये खोलीसारखं जाळं उभं करायचं आणि एका बाजूला दार ठेवायचं. सगळ्यांत उंच खांबाच्या टोकाला फळीवर राखणदार बसतो नि खाली पाण्यात बघत राहतो. मासे दारातून आत शिरले की तो ओरडतो, "ओढा!" मग होडीतले चौघे दार बंद करून जाळं वर घेतात. तो ओरडला तर का म्हणून विचारायचं नाही, आणि तो ओरडल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. माझा नवरा इल्यास त्या फळीवर बसायचा, त्याच्याआधी त्याचा बाप बसायचा. होडीत सफ्फेतदादा, शेजारगावचे दोघे भाऊ, आणि आमचा एकुलता एक मुलगा रिदवान.

पहिल्या थव्याची गोष्ट वेगळी. वसंतात पालामुत मासे अंडी घालायला वर काळ्या समुद्राकडे निघतात, पोटं गाबोळीनं तट्ट फुगलेली. त्यांतला पहिला थवा आमच्याकडे कोणी धरत नाही. तो दिसला की राखणदार फळीवरच वळून बसतो, समुद्राकडे पाठ आणि किनाऱ्याकडे तोंड. होडीवाले समजायचं ते समजतात. जाळ्याची पलीकडची भिंत खाली सोडतात आणि मासे आपल्या वाटेनं जातात. राखणदार तोवर मागे बघत नाही. वरून नुसतं विचारतो, "गेले का?" होडीतून उत्तर जातं, "गेले, सुखरूप." मग तो पुन्हा वळतो. सासरे म्हणायचे, आयांना वाट दिली तर शरदात लेकरं घेऊन येतात. त्या दिवशी मी रव्याचा हलवा करून अख्ख्या गल्लीला वाटायचे.

त्या वर्षी रवा डब्यातच राहिला. रोज जाळं वर यायचं ते पांढऱ्या, बुळबुळीत लोळानं भरून. ओढताना चौघांच्या कमरा मोडायच्या, धुताना दिवस जायचा, नि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. रिदवानच्या बोटांच्या चिरा भरून येईनात. चार मासे मिळालेच तर शहरातली गिऱ्हाइकं नाक मुरडायची, म्हणायची, ह्या घाणीतले कोण खाणार? घाण त्यांचीच, पण ते कोणी बोललं नाही.

बांदिर्मा बंदरातल्या एका माणसानं रिदवानला सांगून ठेवलं होतं, मॉरिटानियाला चल. आमच्याकडच्या मोठ्या बोटी तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात, तिथले मासे उपसतात, त्यांची भुकटी करतात. आमच्या गावातून आधी दोघे गेले होते. एकाचं लग्न ठरलेलं मोडलं, दुसऱ्याची आई त्याच्या फोनची वाट बघता बघता मेली. मला माझं पोर तिकडे जायला नको होतं. ह्या सगळ्या गोष्टीत मला हवं होतं ते एवढंच.

"हिद्रेल्लेझपर्यंत थांब," मी त्याला म्हटलं. हिद्रेल्लेझ म्हणजे आमचा वसंताचा सण, मेच्या सुरुवातीला.

"आणि मग?"

"तोवर एक तरी जाळं भरेल."

"रोजच भरतंय की, आई. उपसून उपसून हात गेले."

"माशांनी भरेल म्हणतेय मी. तोंड फार चालतं तुझं."

"तुझ्यावर गेलंय." मग म्हणाला, "बरं. एक जाळं भरलं तर नाही जात. नाही भरलं तर मला अडवायचं नाहीस."

मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते?

हिद्रेल्लेझच्या आदल्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. दुपारनंतर त्यानं लाळ बाजूला लोटली आणि दाल्यानच्या दारापाशी स्वच्छ पाण्याचा एक तुकडा उघडा पडला. मी धक्क्यावर फाटकं जाळं शिवत बसले होते. वर पाहिलं तर इल्यासची मान पुढे झालेली. संसार केलाय त्याच्याशी, ती मान मला कळते. मासे आत येत होते.

होडीतल्या चौघांनीही ते पाहिलं. रिदवाननं दोरी मुठीत घट्ट धरली. मी सुई टाकून उभी राहिले. मनात म्हटलं, ओरड आता, बाबा, ओरड.

इल्यास वळून बसला. समुद्राकडे पाठ, किनाऱ्याकडे तोंड. म्हणजे माझ्याकडे.

"बाबा!" रिदवान खालून म्हणाला. "बाबा, ह्या वर्षी नाही. ओरड."

इल्यासनं दोन्ही हातांनी फळी धरली.

"इल्यास," मी धक्क्यावरून हाक दिली. "ह्या वर्षी नको रे. पोराकडे बघ." त्यानं ऐकलं. डोळे मिटून घेतले, पण वळला नाही.

सफ्फेतदादा हळूच म्हणाले, "भिंत सोड, रिदवान. रेईस वळलाय." कप्तानाला आमच्याकडे रेईस म्हणतात, आणि कप्तान वळल्यावर बोलणं संपतं. त्यांनी पलीकडची भिंत सोडली. तेवढ्यात वारा पडला आणि लाळेचा पडदा पुन्हा सरकत आला.

"गेले का?" वरून प्रश्न आला.

चौघे वाकून पाण्यात बघत होते.

"गेले का रे?"

"गेले," रिदवान म्हणाला.

इल्यास तसाच बसून. एक शब्द राहिला होता.

"सुखरूप," रिदवाननं तो शब्द धोंडा फेकावा तसा वर फेकला, आणि एकट्यानंच भिंतीची दोरी ओढायला लागला. बाकीच्यांनी हात लावला. इल्यास वळला तेव्हा खाली सगळं पांढरं झालेलं होतं, बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सूप वाढलं आणि कोणी चमचा उचलला नाही.

"एक थवा," रिदवान म्हणाला. "सगळ्या मोसमात एक. आणि तू त्याला पाठ दाखवलीस."

"पहिला होता."

"आणि शेवटचाही तोच असला तर?"

"मग तर मुळीच नाही," इल्यास म्हणाला.

मला त्या क्षणी दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. नवऱ्याच्या जरा जोरात.

हिद्रेल्लेझच्या पहाटे आमच्याकडच्या बायका इच्छा समुद्रात सोडतात. रात्रभर गुलाबाच्या झाडाला बांधून ठेवायच्या, उजाडायच्या आत पाण्यात टाकायच्या, बुडाली की मान्य. कोणी चिंधीत पाळण्याचं चित्र बांधतं, कोणी घराचं. मी रिदवानच्या सदऱ्याचं बटण लाल चिंधीत बांधलं होतं. आम्ही आठ-दहा जणी धक्क्यावरून टाकत होतो आणि एकही बुडत नव्हती. लाळेवर सगळ्यांच्या चिंध्या वाळत घातल्यासारख्या पडून राहिल्या.

"बघा, ह्या वर्षी देवानं पत्रं न फोडताच परत केली," शेजारची नाजमिये म्हणाली. तिला हसू आलं, मग रडू आलं. मी खडे मारून माझी चिंधी बुडवायला बघत होते. लाज वाटली नाही मला. मी अजून चार खडे उचलले.

मग उजाडलं, आणि नाजमियेनं माझा दंड धरला. "सदिका, तुमच्या दाल्यानमध्ये काय आहे ते?"

जाळ्याच्या खोलीत, आतल्या आत, पांढऱ्यावर पांढरी पोटं तरंगत होती.

ते गेलेच नव्हते. भिंत खाली होती तेव्हा लाळ त्या वाटेत आणि दारातही पडद्यासारखी लोंबत राहिली आणि मासे तिला भिंत समजून मागे फिरले. रात्रभर ते त्या खोलीत गोल गोल फिरले असतील. इल्यासनं होडी नेऊन ते आणले आणि धक्क्यावर ओतले. एकेकाच्या कल्ल्यांत चिकट लोळ बसलेला. त्यानं सुरीनं एक उघडला. आत गाबोळी जशीच्या तशी होती, भरगच्च. कोणी खाल्ले नाहीत, कोणी विकले नाहीत, अंडीही त्यांना घालता आली नाहीत. मला शिवणाच्या सुईनं स्वतःलाच टोचून घ्यावंसं वाटलं, इतकं ते बघवेना.

"काल जाताना पाहिलंस त्यांना?" इल्यासनं विचारलं.

रिदवान माशाकडे बघत होता. "नाही."

"मग?"

"काही दिसतच नव्हतं, बाबा. मी रागात होतो. म्हटलं, जाऊ दे, नाहीतरी आपले नाहीत."

"मी पण बोललो नाही, रेईस," सफ्फेतदादा म्हणाले. "दिसत मलाही नव्हतं. पोराला एकट्याला धरू नकोस."

रिदवाननं 'नाही गेले' म्हटलं असतं तर भिंत आणखी सोडली असती, वल्ह्यांनी वाट केली असती, इल्यास वरून बघून दिशा सांगत राहिला असता. ते कोणी बोलून दाखवलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. इल्यासनं सुरी पुसली. ऑलिव्हच्या झाडांखाली खड्डा काढून मासे पुरले, रिदवान त्याच्या शेजारी खणत होता. मी इल्यासला बाजूला घेऊन म्हटलं, "त्याला शिव्या दे. मार एक. असा गप्प राहिलास तर ते पोर इथे कसं राहील?"

"काय बोलू?" तो म्हणाला. "वळलो मीच होतो."

त्यांनी जाळं काढून किनाऱ्यावर टाकलं. त्या मोसमाचं दाल्यान संपलं. खांब तेवढे उभे राहिले.

रिदवानला न्यायला मिनीबस आली त्या सकाळी इल्यास घरात नव्हता. खांबावर होता. खाली जाळं नाही, मासा नाही, आणि हा वर फळीवर, रस्त्याकडे तोंड करून. रिदवान धक्क्यापर्यंत आला, बॅग खांद्यावर.

"आई, बाबांना हाक मार ना एक."

"तूच मार."

"माझ्याच्यानं होत नाही."

मी हाक मारली. इल्यासनं आमच्याकडे पाहिलं. खूप वेळ बघत राहिला. मला माझं पोर माहीत आहे, बॅगेचा पट्टा त्यानं खांद्यावरून खाली घेतला होता. वरून एक शब्द आला असता, नुसतं 'थांब' किंवा शिवीसुद्धा, तर तो बॅग तिथेच टाकून खांबाकडे पोहत गेला असता. "बोल ना, इल्यास," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ड्रायव्हरनंसुद्धा मान बाहेर काढून वर पाहिलं.

इल्यास फळीवर हळूहळू वळला आणि समुद्राकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसला.

रिदवान त्या खांबाखालीच लहानाचा मोठा झालेला. त्याला कोणी अर्थ सांगायला नको होता. त्यानं पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला, माझा हात ओठांना नि कपाळाला लावला, आणि गाडीत बसला. मी दार धरून ठेवलं होतं. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, माझ्या हाताला रक्त लागलं, ते त्याच्या चिरांतलं की माझंच, कोण जाणे. गाडी ऑलिव्हच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

"गेला का?" वरून आवाज आला.

मी धक्क्यावर बसले. खाली पाण्यावर माझी लाल चिंधी अजून तशीच पडलेली होती.

"गेला का ग?"

"गेला," मी म्हटलं.

तो वळला नाही. दुसऱ्या शब्दासाठी थांबला होता. मी तोंड उघडलं, दोनदा उघडलं, आणि तो शब्द काही निघेना. दुपारी मी भाकरी घेऊन आले तेव्हाही इल्यास तसाच पाठ करून बसलेला होता.