डॅरिलसाठी धरलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. 'जुनी' हे मी आपणहून सांगते आहे. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

माझा जन्म १९९१ साली शारजाच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पाय आणि लाल मखमली गादी, असा माझा थाट होता. अबुधाबीतल्या एका हॉटेलच्या मेजवानीच्या दालनात मी आठ वर्षं नोकरी केली. लग्न असलं की मला पांढरा सॅटिनचा झगा घालत आणि पाठीला बो बांधत. फोटोत मी पाहुण्यांपेक्षा बरी दिसायचे. मग कुणीतरी माझ्या गादीवर डाळिंबाचं सरबत सांडलं आणि मला भंगारात काढायचं ठरलं. किती वाईट वाटलं म्हणून सांगू!

त्या दालनाची व्यवस्था बघणारा लिओनार्ड वसईचा. त्याला माझी आणि माझ्या एकोणीस बहिणींची दया आली. टेम्पो करून त्याने आम्हाला खलिफा सिटीत, तो राहायचा त्या व्हिलांच्या आवारात आणलं. आवाराच्या मधोमध हिरवळीचा एक तुकडा होता. "दारात गवत आहे गवत!" असं रहिवासी भारतात फोन करून सांगत. त्याला पाणी इतकं पाजत की आमचे पाय आत रुतत.

तिथे २००० सालापासून दर सव्वीस जुलैला कारगिलच्या शहिदांसाठी सभा भरू लागली. जुलैत बायकामुलं गावी गेलेली असतात. उरतात ती घामाने निथळणारी, स्वतःच्या हातचं जेवून कंटाळलेली पुरुषमंडळी. ती भाषणांना वेळेवर येत, त्यात समोशांचाही वाटा होता असं माझं मत आहे. शहिदांबद्दलचं प्रेम मात्र खरं होतं.

सभेचे कर्तेधर्ते मुरलीधर, एका बांधकाम कंपनीतले इंजिनिअर. पहिल्या वर्षी लिओनार्ड त्यांना म्हणाला, "सर, माझा धाकटा भाऊ डॅरिल कारगिलमध्ये गेला. पुढची एक चेअर त्याच्यासाठी एम्प्टी ठेवू या का?"

मुरलीधरांचे डोळे भरून आले. "हंड्रेड परसेंट! कोणी बसणार नाही. खलास!"

निवड माझी झाली. मी फुलून गेले. पण मुरलीधरांना एक खोड होती. उभा माणूस दिसला की त्यांच्या तोंडून 'बस' निघायचंच. आवारातलेच वजनदार अनिल उशिरा आले, तसे मुरलीधर ओरडले, "अरे अनिल, उभा का? बस, बस ना!" अनिल बसले आणि मी दोन बोटं जमिनीत गेले.

लिओनार्डने त्यांना समोसा नेऊन दिला. बसलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही, हे हॉटेलच्या नोकरीने त्याच्या हाडीमाशी भिनवलं होतं.

दुसऱ्या वर्षी मुरलीधरांनी माझ्यावर रुमाल टाकून ठेवला. एक दंतवैद्य आले. "माझ्यासाठी जागा धरलीत? थँक्यू हं!" म्हणाले, त्याच रुमालाने कपाळ पुसलं आणि टेकले.

दोन्ही वर्षी लिओनार्डने वसईला फोनवर सांगितलं, "मम्मी, डॅरिलची खुर्ची रिकामी होती. कुणीसुद्धा बसलं नाही." तेवढ्यानेच त्या माउलीला बरं वाटायचं, मग तो तरी काय करणार?

२००२ साली सव्वीस जुलै शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आला आणि मम्मी, म्हणजे बेटीबाई, व्हिजिट व्हिसा काढून ती खुर्ची बघायला आल्या! लिओनार्डची पाचावर धारण बसली. तो मुरलीधरांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. तोंडून 'बस' निघायला नको म्हणून मुरलीधरांनी दाताखाली लवंग धरली. मीही ठरवलं, कुणी टेकलंच तर पाय मोडून घ्यायचा.

बेटीबाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रिकामी होते. अगदी रिकामी! तेवढ्यात अनिल आले, उशिराच. बाकी सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. ते निमूट कडेला उभे राहिले. चष्म्यावर वाफ, शर्ट ओलाचिंब.

बेटीबाईंनी त्यांना पाहिलं. "बाळा, उभा का? बस ना इथे."

"नको मावशी, ती डॅरिलची आहे."

"तू असा उभा असताना माझा डॅरिल बसून राहिला असता का? बस."

अनिल बसले. आईनेच बसवलं, तर मी पाय कसा मोडणार? पण त्या भल्या माणसाला राहवेना. "खरं सांगू, मावशी? पहिल्या वर्षीपण मीच बसलो होतो. सॉरी."

"आणि मागच्या वर्षी मी," दंतवैद्य पुटपुटले.

बेटीबाईंनी लिओनार्डकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला. मलाही त्याची फार कीव आली. मुरलीधरांनी घाईघाईत लवंग गिळली आणि पुकारलं, "दरवर्षीप्रमाणे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या!"

सगळे उठले. अनिलही उठले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. उघडे होते फक्त बेटीबाईंचे डोळे. त्यांनी हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. दोन मिनिटं झाली आणि कुणी बसायच्या आत त्यांनी लिओनार्डचा हात धरला.

"खोटं नाही बोललास रे. तू एक म्हणालास, इथे तर वीस रिकाम्या आहेत."

मित्रांनो, तीन वर्षं तिथे असून मला हे उमगलं नव्हतं. आता माझी गादी फाटली आहे, एका पायाचं रबर गेलं आहे. आम्हाला फरफटत ओढू नका, उचलून ठेवा. दमलेल्याला खुशाल बसू द्या. आणि गेलेल्यांसाठी उभं राहायची वेळ आली की चटकन उठा. तेवढी दोन मिनिटं आम्ही सगळ्याजणी त्यांच्या असतो.