पिशवी सांभाळणारी टाकी

मित्रांनो, लांबून पाहणाऱ्याला मी दुधाचा मोठा कॅन वाटते. जवळ आल्यावर कळतं की मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली एक जुनी टाकी आहे. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो. त्याच्यापुढे बर्फ म्हणजे गरम पाणी! मला दोन भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये नुसती पोकळी. ती पोकळी आहे म्हणूनच थंडी टिकते. आत काहीच नसलेली माणसंही मी पुष्कळ पाहिली, पण त्यांचा काय उपयोग ते कळलं नाही.

मी नवी असताना फीत कापली गेली, भाषणं झाली, मोठे साहेब मला टेकून फोटो काढून गेले. पुढची सतरा वर्षं लोकांनी मला टेकून फक्त गप्पा मारल्या.

आमच्या मॅडम मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करतात. या आजारात रक्त तयार करणारा हाडांतला मगज, म्हणजे अस्थिमज्जाच, बिघडतो. तो औषधांनी जाळून टाकायचा आणि दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी शरीरात सोडायच्या. त्या हाडांत जाऊन घर करतात. कधी करतात, कधी नाही. त्या 'नाही'चं कारण मॅडम उभा जन्म शोधत आहेत.

वॉर्डात सहा वर्षांची एक मुलगी होती. डॉक्टरांनाही 'हात धुऊन या' असा हुकूम सोडायची, म्हणून सगळे तिला फौजदारीणबाई म्हणत. तिच्यासाठी माझ्या पोटात एक पिशवी होती. तिच्या धाकट्या भावाच्या जन्मावेळी नाळेतून घेतलेलं, मूळपेशींनी भरलेलं रक्त. ते एकदाच मिळतं. भाऊ काही पुन्हा जन्माला येत नाही.

पातळी घटली की मी शिट्टी वाजवते. म्हातारपणी मी उगाचच्या उगाचही वाजवू लागले. मॅडमचा लेख अर्धवट होता. त्यांनी माझ्या शिट्टीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. संशोधनाला शांतता लागते.

त्याच आठवड्यात माझी भिंत कुठेतरी चिरली आणि पोकळीत हवा शिरली. नायट्रोजन उडून जाऊ लागला. वर वॉर्डात फौजदारीणबाईंना मगज जाळणारी औषधं सुरू होऊन पाच दिवस झाले होते. आता मागे फिरता येणार नव्हतं. एक तर ही पिशवी, नाही तर काहीच नाही. आणि माझी पातळी बोटाबोटाने उतरत होती. मी पट्टीआड ओरडत राहिले.

सकाळी लादी पुसायला मावशी आल्या.

"मॅडम, तुमची टाकी गळतेय की काय? तिसऱ्यांदा पुसतेय."

"गळत नसते हो ती, मावशी. हवेतला ओलावा असेल."

"असेल बाई. मी काय शिकलेली?" मावशींनी माझ्या पोटाला हात लावला आणि चटकन काढला. "पण हिला एवढी थंडी आजच का वाजतेय?"

मॅडम उठल्या. लाकडी काठी माझ्यात बुडवून त्यांनी बाहेर काढली. द्रव लागतो तेवढ्या भागावर पांढरं हिव जमतं. एरवी हातभर. आज चार बोटं.

त्यांनी पिशवी शेजारच्या नव्या टाकीत उतरवली. पण पेशी जिवंत होत्या का? पिशवीला चिकटलेला नळीचा तुकडा त्यांनी कापला, आतलं रक्त वितळवलं, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी स्वच्छ राहते.

"स्वच्छ. निळी. निळी. स्वच्छ..."

"निळी म्हणजे काय हो?"

"मेलेली, मावशी."

"मग सारखं निळी निळी काय करताय? दुसरं काही म्हणा की!"

मॅडम हसल्या नाहीत. शंभरात एकोणऐंशी स्वच्छ निघाल्या.

मॅडमनी मुलीच्या आईबापांना सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. आईने संमतीच्या कागदावर सही केली. दोन दिवसांनी पिशवी फौजदारीणबाईंच्या शिरेत रिती झाली. मग रोज सकाळी वॉर्डातून फोन. रक्ताच्या बारीकशा थेंबात पांढऱ्या पेशी किती? शून्य. तीन आठवडे उलटले तरी शून्य.

मला रिकामी करून व्हरांड्यात ठेवलंय. काल, पंचविसाव्या दिवशी, फोन वाजला. "किती?" मॅडमनी विचारलं. मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा." बाहेर येऊन त्या माझ्या झाकणावर मटकन बसल्या.

"दोनशे," त्या मला म्हणाल्या.

निरोगी पोरीच्या रक्ताच्या तेवढ्याच थेंबात हजारो असतात. तरी दोनशे, म्हणजे भावाच्या पेशी हाडांत घर करू लागल्या.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा. दहा वेळा खोटं निघेल. निघू द्या. मला अजून धडकी भरलेली आहे. आजचा फोन यायचाय.